एक परका शब्द आणि आपला कळवळा
(अभ्यासपाठ)



परक्या भाषेंतील एखादा शब्द शिकावयास बसलें असतां पुष्कळदां असें घडतें कीं, त्याचा अर्थ शोधतां शोधतां आपल्याच घरच्या शब्दाचा अर्थ आपणांस प्रथम नीट कळतो. मागील उन्हाळ्यांत मला असा एक धडा मिळाला. शिकविणारी सतरा वर्षांची मुलगी होती, आणि शब्द कोरियन भाषेंतला होता. दुसऱ्याचें दुःख पाहून दया किंवा सहानुभूति दाखविण्याचा तो शब्द आहे. खेडोपाडीं काम करणाऱ्या उपदेशक बंधूंस, शिक्षकांस व भगिनींस दुःखी माणसाशीं बोलण्याचा प्रसंग रोजचाच असतो. म्हणून तो धडा मजपाशींच न ठेवतां येथें मांडीत आहें.

१. शब्द कसा भेटला

कोरिया हें नांव आपल्या अहमदनगर जिल्ह्यास (२०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) आतां अगदीं परकें राहिलेलें नाहीं. पुणें-नगर रस्त्यावर रांजणगांव येथें एल. जी. या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. आपल्या खेड्यांतील मुलांमुलींच्या हातांतील मोबाइलवर कोरियन मालिकाही येऊन पोंचल्या आहेत. वडील माणसें त्यावर रागावतात. परंतु कांहीं मुलें त्यांतून भाषाही उचलतात, हें त्यांस ठाऊक नसतें.

आमच्या मंडळींतील बरीच कुटुंबें पाथर्डी तालुक्याच्या कोरडवाहू भागांतील आहेत. दिवाळीच्या सुमारास तीं ऊसतोडीला जातात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपला म्हणजे परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल, पाचटाची कोपी, पहाटेच्या अंधारांत डोक्यावर वाहिलेल्या मोळ्या, हें आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, हेंही सर्वांस ठाऊक आहे. अशाच एका कुटुंबांतील भगिनी तीन वर्षांपूर्वीं विधवा झाली. पुढच्या हंगामांत ती भावाच्या टोळीबरोबर 'अर्धा कोयता' म्हणून गेली. परतल्यावर उपकारस्तुतीच्या उपासनेस ती शेवटच्या ओळींत येऊन बसली होती. तिच्यासाठीं वर्गणी जमवावी या हेतूनें मीं तिला उभें राहावयास सांगितलें, आणि मंडळीस म्हणालों, "या बिचारीकडे पाहा." वर्गणी जमली. ती रक्कम मीं मंडळीच्या एका वडिलांच्या हातीं तिच्या घरीं पाठविली. तिनें ती परत केली नाहीं; परंतु त्या दिवसानंतर ती उपासनेस आली नाहीं. मीं मनांत म्हटलें, दुःखानें तिचें मन कठीण झालें असेल. आपली चूक दुसऱ्याच्या दुःखाच्या खात्यावर मांडणें किती सोपें असतें!

जी मुलगी मला कोरियन शब्द शिकविणार होती, ती या भगिनीच्या बहिणीची मुलगी. एके दिवशीं युवकसभा संपल्यावर ती आपली वही घेऊन आली. वहीच्या मागच्या पानांवर तिनें शब्दांची यादी केली होती. डावीकडे कोरियन अक्षरें, मध्यें देवनागरींत उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. एका शब्दापुढें जागा कोरी होती.

"पाळकसाहेब, 'बुलसांगहेयो' याला आपल्यांत काय म्हणायचं?"

मला तो शब्द कोठून येणार? मीं विचारिलें, "तो बोलतात केव्हां?"

ती म्हणाली, "एका मालिकेंत आईबाप नसलेली पोरगी आहे. जो येतो तो तिला हाच शब्द लावतो. शेवटीं ती चिडून म्हणते, मला असं समजूं नका."

"मग 'बिचारी' असें लिही," मीं म्हणालों.

तिनें लिहिलें नाहीं. वहीकडेच पाहत ती हळू म्हणाली, "मावशीला तुम्ही हेच म्हणाला होतात."

मला उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं तो शब्द मीं माझ्याही वहींत लिहून घेतला. पुढील महिनाभरांत त्यावरून जें शिकलों तें आतां क्रमानें सांगतों.

२. कोरियन शब्दाचा अर्थ

शब्दाचें मूळ रूप 'बुलसांगहादा' असें आहे. यांतील 'हादा' हें क्रियापद आपल्या 'करणें' या क्रियापदासारखें अनेक शब्दांस जोडलें जातें. कोरियन भाषेंत क्रियापद मराठीप्रमाणेंच वाक्याच्या शेवटीं येतें, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात, आणि समोरच्या माणसाचा मान क्रियापदाच्या शेवटावरून कळतो. आपण जसें 'ये', 'या', 'यावें' असें माणूस पाहून बोलतों, तसें तेथें जवळच्यास 'बुलसांगहे' आणि आदरानें 'बुलसांगहेयो' म्हणतात. म्हणून त्या भाषेची ठेवण मराठी माणसास फार जड जात नाहीं. तिची अक्षरमाला राजा सेजोंग यानें १४४३ सालीं सिद्ध केली व १४४६ सालीं लोकांपुढें ठेविली. चिनी लिपीचीं हजारों चिन्हें शिकण्यास ज्यांस सवड नाहीं, अशा सामान्य प्रजेला लिहितां-वाचतां यावें हा तिचा हेतु होता.

शब्दाचा अर्थ असा: ज्याची अवस्था पाहून दया यावी असा. पोरकें मूल, रस्त्यांत जखमी पडलेलें कुत्रें, म्हातारपणीं एकटा राहिलेला माणूस यांच्याविषयीं तो सहज वापरतात. परंतु तो बहुधा तिऱ्हाईताविषयीं बोलतात. समोर बसलेल्या जाणत्या माणसाला तो लाविला तर त्याला खालीं लोटल्यासारखें वाटूं शकतें. मालिकेंतील ती मुलगी चिडली ती याचमुळें.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हाच शब्द कोरियन शास्त्रांतही आहे. यरीहोच्या वाटेवरील आंधळे प्रभूला हांक मारून दया मागतात, तेथें त्यांच्या तोंडीं हाच 'बुलसांग' शब्द आहे. मग तो वाईट कसा? वाईट नाहीं. परंतु तेथें तो दुःखी माणसानें स्वतः उच्चारिला आहे, आणि ज्याला आपलें सर्व उघडें आहे त्याच्यापाशीं उच्चारिला आहे. माणूस आपण होऊन दया मागतो, ती एक गोष्ट. चार लोकांनीं ती त्याच्यावर लादावी, ही दुसरी.

कोरियन भाषेंत दुःखाच्या प्रसंगीं बोलण्याचे आणखीही शब्द आहेत. त्यांतील तीन आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला 'आयगो'. हा केवळ उद्गार आहे. आपल्या 'अरेरे', 'आई गं', 'अगं बाई' यांप्रमाणें तो दुःखांत, दमल्यावर, आश्चर्यांतही तोंडांतून निघतो. त्याला अर्थ थोडा, पण ऊब पुष्कळ.

दुसरा 'आन्ताक्कापता'. दुसऱ्याचें कांहीं चुकतें आहे, बुडतें आहे, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं, अशा वेळीं पाहणाऱ्याच्या जिवाची जी तळमळ होते ती या शब्दानें सांगतात. आपल्याकडे 'हळहळ' किंवा 'जीव तुटणें' म्हणतात, त्याच्या जवळचा हा शब्द होय. साध्या बोलण्यांत 'माउमी आपायो' असेंही म्हणतात. म्हणजे 'माझें मन दुखतें'.

तिसरा 'दोंगजंग'. हा चिनी भाषेंतून आलेला असून त्याचे दोन भाग आहेत: 'दोंग' म्हणजे तोच किंवा समान, आणि 'जंग' म्हणजे भावना. आपल्या 'सहानुभूति' शब्दाची घडणही अशीच आहे: 'सह' म्हणजे बरोबर, आणि 'अनुभूति' म्हणजे अनुभव. परंतु इतका सुंदर घडलेला शब्दही वापरून झिजतो. आज कोरियन माणूस रागानें म्हणतो, मला तुमचा दोंगजंग नको. तेथें त्या शब्दाचा अर्थ 'बरोबरीची भावना' असा न राहतां 'वरून टाकलेली दया' असा झालेला असतो.

हे शब्द ओळीनें मांडले म्हणजे एक भेद स्पष्ट दिसतो. 'बुलसांग' हा समोरच्या माणसाचें वर्णन करितो: तो असा असा आहे. 'आन्ताक्कापता' हा बोलणाऱ्याच्या अंतःकरणाची स्थिति सांगतो: मला असें असें होतें. सर्व धडा या एका भेदांत आहे.

३. आपले मराठी शब्द

आतां हीच कसोटी आपल्या शब्दांस लावूं या.

'बिचारा' हा शब्द आपण उठतां बसतां वापरतों, म्हणून त्याचा अर्थ पाहण्याची गरज आपणांस वाटत नाहीं. तो फारसी 'बेचारा' यावरून आला आहे. 'बे' म्हणजे वांचून, आणि 'चारा' म्हणजे उपाय. आपल्या दुष्काळी मुलुखांत चारा म्हटला कीं जनावरांची छावणी डोळ्यांपुढें येते. परंतु हा चारा वैरणीचा नव्हे. ज्याच्यापाशीं कांहीं उपाय उरला नाहीं तो बेचारा. तेव्हां मीं त्या भगिनीला भर मंडळींत उभें करून काय म्हणालों होतों? 'या बाईपाशीं कांहीं इलाज उरला नाहीं, हिच्याकडे पाहा.' आणि ती तर नवऱ्याच्या पश्चात् एकटीनें हंगाम काढून आली होती!

'कींव' हा शब्द एके काळीं चांगल्या अर्थानेंही चाले. आतां 'त्याची कींव करावीशी वाटते' असें कोणी म्हटलें, तर त्यांत तिरस्कार अधिक असतो. कोणाची बुद्धि किंवा वागणूक हलकी ठरवावयाची असली म्हणजे आपण त्याची कींव करितों.

'दया' हा मोठा शब्द आहे आणि त्याचें स्थान कोणी घेऊं शकत नाहीं. परंतु दया वरून खालीं वाहते: देवाकडून मनुष्याकडे, राजाकडून प्रजेकडे, धन्याकडून चाकराकडे. देवाची दया आपण आनंदानें मागतों, कारण तो खरोखरच वर आहे. शेजाऱ्याच्या दारांत उभें राहून 'मला तुझी दया येते' असें म्हणतांना आपण कोणत्या पायरीवर उभे आहों, तें पाहावें.

'सहानुभूति' हा शब्द विद्वानांनीं घडविला. अर्थ उत्तम आहे. पण तो शोकसभेच्या ठरावांत आणि पत्राच्या शेवटीं राहतो. आपल्या खेड्यांतील कोणी बाई शेजारणीच्या गळ्यांत पडून 'मला तुझ्याविषयीं सहानुभूति वाटते' असें म्हणाल्याचें मीं ऐकिलेलें नाहीं.

राहिला 'कळवळा'. याची व्याकरणांतील चाल पाहण्यासारखी आहे. दया येते, आणि दया करितांही येते. कींव येते, आणि कींव करितांही येते. कळवळा मात्र येतोच. तो 'करितां' येत नाहीं. 'मीं त्याचा कळवळा केला' असें कोणी म्हणत नाहीं. जें आपण होऊन येतें, जें आपल्या मुठींत नसतें, त्याचा दाता म्हणून मिरवितां येत नाहीं. शिवाय या शब्दांत 'कळ' ऐकूं येते, आणि कळ ज्याची त्यालाच लागते. दुसऱ्याची कळ आपणांस लागावी तेव्हां कळवळा.

४. आंतड्याची भाषा

आपल्या मराठी शास्त्रांत प्रभूनें लोकसमुदायाला पाहिलें, नाईन गांवच्या विधवेला पाहिलें, तेथें हाच कळवळा शब्द येतो. मूळ ग्रीक भाषेंत त्या ठिकाणीं जें क्रियापद आहे तें 'स्प्लांख्ना' या नामावरून झालें आहे, आणि स्प्लांख्ना म्हणजे पोटांतील आंतडीं, काळीज वगैरे आंतले अवयव. हें क्रियापद नव्या करारांत बारा वेळां येतें, आणि तें सर्व मत्तय, मार्क व लूक या तीन शुभवर्तमानांतच. तें एक तर प्रभूविषयीं योजिलें आहे, नाहीं तर त्याच्या दृष्टांतांतील मनुष्यांविषयीं. जुन्या कराराच्या इब्री भाषेंत दयेला 'रहमीम' म्हणतात, आणि तो शब्द 'रेखेम' म्हणजे आईचें गर्भाशय यापाशीं जुळतो. आपल्या गांवांतील मुसलमान शेजारी 'रहम' म्हणतात, तो अरबी शब्दही याच कुळांतला आहे.

हे अर्थ शिकविण्यास आमच्या गुरुजनांस बरेंच समजावून सांगावें लागलें होतें. परंतु खरें पाहतां मराठी बाईस तें समजावून सांगावयास नको. 'माझं आंतडं तुटलं', 'पोटांत कालवलं', 'आंतड्याची माया' असें ती रोजच बोलते. काय नवल! आणि कोरियन भाषेंतही हेंच आहे. तेथें 'ए' हा आंतड्यांसाठीं जुना शब्द होता. आज तो एकटा त्या अर्थानें बोलत नाहींत, पण 'एतादा' म्हणजे आंतडीं जळणें आणि 'एक्कंथा' म्हणजे आंतडीं तुटणें असे शब्द अजून चालतात, आणि त्यांचा अर्थ दुःखानें जीव जळणें, जीव तुटणें असाच होतो.

याविषयीं चीन देशांत एक जुनी गोष्ट सांगतात, आणि ती कोरियांतही ठाऊक आहे. चौथ्या शतकांत हुआन वेन नांवाचा सेनापति नावांतून मोठ्या नदीच्या घळींतून जात असतां त्याच्या एका माणसानें माकडिणीचें पिल्लूं धरिलें. आई कांठाकांठानें ओरडत शंभर लीहून अधिक वाट धांवली. शेवटीं तिनें नावेवर उडी टाकिली आणि तत्काळ प्राण सोडिला. लोकांनीं तिचें पोट उघडून पाहिलें, तों आंतड्यांचे तुकडे तुकडे झाले होते. सेनापतीनें संतापून त्या माणसाला कामावरून काढून टाकिलें. तेव्हांपासून अतिशय दुःखाला 'आंतडीं तुटणें' म्हणूं लागले, असें सांगतात.

ग्रीक, इब्री, चिनी, कोरियन आणि मराठी लोक एकमेकांपासून किती दूर! तरी दुसऱ्याच्या दुःखाचें ठिकाण सर्वांनीं पोटांतच दाखविलें. १८११ सालीं मराठी नवा करार श्रीरामपूर येथें निघाला (हें आपल्या जिल्ह्यांतील नव्हे, बंगालमधील श्रीरामपूर). पुढें १८८२ सालीं कोरियन भाषेंत पहिल्यानें लूकाचें शुभवर्तमान छापलें गेलें. भाषांतर करणाऱ्यांस अनेक शब्द शोधीत बसावें लागलें असेल. पण कळवळ्याला आधार द्यावयास प्रत्येक भाषेंत आई आणि आंतडें आधींच होतीं.

५. ज्यानें शब्द उच्चारिला नाहीं

आतां लूकाच्या दहाव्या अध्यायांतील दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत पुन्हां वाचावा. याजक पाहतो आणि जातो. लेवी पाहतो आणि जातो. शोमरोनी पाहतो, आणि त्याला कळवळा येतो. पुढें त्याचीं कामें मोजा. तो जवळ जातो, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेंत नेतो, रात्रभर काळजी घेतो, दुसऱ्या दिवशीं दोन नाणीं देतो. इतकें करीपर्यंत तो जखमी माणसाला काय बोलला? दृष्टांतांत त्याचा एकही शब्द नाहीं. तो बोलला तें उतारशाळेच्या रखवालदाराशीं, आणि तेंही खर्चाविषयीं. 'अरेरे' नाहीं, 'बिचारा' नाहीं. कळवळा आंत आला आणि हातांतून बाहेर पडला.

आपल्या देशांतील एक उदाहरण पाहा. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास उपासमारींत गेले, आणि मागून बहीणही गेली. पुढें १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि निराश्रित मुलींस व स्त्रियांस घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळांतील मुलीही तेथें आल्या. भुकेली मुलगी पाहून रमाबाईंस आपलेच दिवस आठवत. म्हणून ती वरून टाकलेली दया नव्हती. ती खरीखुरी सहानुभूति, म्हणजे बरोबर घेतलेला अनुभव होता.

कोरियाशीं आपल्या देशाचा जो संबंध आला तोही याच वाटेनें. तेथें युद्ध चालू असतां १९५० च्या नोव्हेंबरांत भारताचें ६० वें पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालीं कोरियांत पोंचलें. तें लढावयास गेलें नव्हतें. जखमी सैनिकांचीं आणि आजारी रहिवाशांचीं शुश्रूषा करावयास गेलें होतें. युद्ध थांबल्यावर १९५३ सालीं, मायदेशीं परत जाण्यास नाखूष असलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांस सांभाळण्याचें काम भारतीय सैन्याकडे आलें. त्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी होते. त्या डॉक्टरांपैकीं व शिपायांपैकीं कितीजणांस 'बुलसांग' हा शब्द येत असेल? जखम बांधतांना तो आलाच पाहिजे असें नाहीं.

६. व्यवहारांत काय करावें

एवढ्यावरून कोणी असें समजूं नये कीं, दुःखी माणसाजवळ मुकेंच बसावें. शब्दाची गरज असते. उपदेशक बंधूंस मी चार गोष्टी सुचवितों.

पहिली. आधीं विचारावें, मग बोलावें. 'कसें झालें?', 'रात्रीं झोंप येते का?', 'घरांत कोण आहे?' असा साधा प्रश्न शंभर 'अरेरे' हून बरा.

दुसरी. बोलावयाचें तर आपल्या पोटांतलें बोलावें. 'तुम्ही किती दुर्दैवी' असें म्हणण्यापेक्षां 'ऐकून माझ्या पोटांत तुटलें' असें म्हणावें. मात्र तुटलें असेल तरच म्हणावें. तुटलें नसेल तर नुसतें बसावें; खोट्या कळवळ्याचा वास दुःखी माणसाला लवकर येतो.

तिसरी. कोणाचें दुःख त्याच्या परवानगीवांचून चारचौघांत मांडूं नये. वर्गणी नांव न घेतांही जमवितां येते. आणि जमलेली रक्कम दुसऱ्याच्या हातीं न पाठवितां आपण घेऊन जावी.

चौथी. त्या माणसापाशीं काय नाहीं, हें पाहण्याआधीं काय आहे, तें पाहावें. निरुपाय झालेला माणूस क्वचितच भेटतो. बहुतेकांनीं कांहीं तरी उपाय काढलेला असतो, आणि आपण तो विचारलेला नसतो.

ही चौथी गोष्ट मीं पुस्तकांतून काढलेली नाहीं. त्या भगिनीच्या दारीं गेलों तेव्हां ती मला समजली. ती ओट्यावर गोधडी शिवीत बसली होती. मीं म्हणालों, "बाई, त्या दिवशीं मीं तुम्हांला सगळ्यांपुढें उभें केलें, तें चुकलें. क्षमा मागायला आलों आहें."

ती सुई न थांबवितां म्हणाली, "पैशाचं काय न्हाई, पाळकसाहेब. पैसं कामाला आलं, पोराची फी भरली. पन समद्यांनी माझ्याकडं बघितलं, अन् टोळीत कशी ऱ्हायलीस म्हनून कुनी इचारलं न्हाई. तुमीबी न्हाई."

मग मीं विचारिलें. ती तासभर बोलत होती. पहिल्या महिन्यांत मोळी डोक्यावर कोण उचलून देणार हा प्रश्न होता. तिनें दुसऱ्या एका एकट्या बाईशीं जोडी केली, आणि दोघींनीं एकमेकींच्या मोळ्या उचलल्या. धाकट्या मुलाला ताप आला, ती रात्र तिनें कोपींत बसून काढली. तें ऐकतांना माझ्या तोंडून 'आई गं' एवढेंच निघालें. शेवटीं ती म्हणाली, "औंदा समदी उचल फेडली म्या." मला तें ठाऊक नव्हतें. मंडळींत कोणासच ठाऊक नव्हतें. जिला मीं उपायावांचूनची म्हणालों होतों, तिनें कर्ज फेडलें होतें. निघतांना तिनें चहा ठेविला, आणि मीं तो घेतला.

पुढच्या रविवारीं ती आली नाहीं. त्यापुढच्या रविवारीं आली आणि शेवटच्या ओळींत बसली. मीं उपदेश पुरा केला. तिचें नांव घेतलें नाहीं.

ती मुलगी नंतर वही दाखवावयास आली. 'बुलसांगहेयो' यापुढें तिनें 'बिचारी (तोंडावर म्हणूं नये)' असें लिहिलें होतें. खालीं 'आन्ताक्कापता' यापुढें लिहिलें होतें, 'पोटांत तुटणें'. मीं दोन्ही अर्थ वाचले आणि वही परत दिली. त्यांत सुधारण्यासारखें कांहीं नव्हतें.

मनन व चर्चा यांसाठीं प्रश्न

(१) 'बिचारा' शब्दाचा मूळ अर्थ काय? मागील आठवड्यांत आपण तो कोणाविषयीं वापरला, आणि त्या माणसापाशीं खरोखरच उपाय नव्हता काय?

(२) 'बुलसांग' आणि 'आन्ताक्कापता' या दोन शब्दांतील भेद आपल्या गांवच्या बोलींतील शब्द घेऊन सांगा.

(३) दया करितां येते, कळवळा करितां येत नाहीं. असें कां?

(४) लूक अध्याय दहा यांतील शोमरोन्याचीं कामें एकाखालीं एक लिहा. त्यांतील कोणतें काम आपल्या गांवांत या आठवड्यांत कोणासाठीं करितां येईल?

(५) आपल्या मंडळींत येणें बंद झालेल्या एका माणसाचें नांव मनांत आणा. आपण त्याला शेवटचें काय म्हणालों होतों?